लघु आर्केड कॅबिनेट

लघु आर्केड कॅबिनेट : नाणे टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमच्या उभ्या यंत्राची, टेबलावर मावेल एवढी आणि प्रत्यक्ष खेळता येणारी प्रतिकृती. पडदा, दांडा (जॉयस्टिक) व बटणे एकाच पेटीत असतात. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून १९९० च्या दशकापर्यंतचे निवडक खेळ तिच्यात भरलेले असतात. नाण्याची खाच असलीच तर शोभेपुरती. नाण्याचे काम एक बटण करते.

अशी छोटी यंत्रे पूर्वीही होती. अमेरिकेतील कोलेको कंपनीने १९८२ मध्ये ‘पॅक-मॅन’ची टेबलावरची आवृत्ती काढली होती, पण तो सोपा करून नव्याने घडवलेला खेळ होता. आजच्या यंत्रांत मूळ खेळाचा प्रोग्रॅम जसाच्या तसा असतो आणि जुन्या सर्किट बोर्डाचे वागणे सॉफ्टवेअर हुबेहूब वठवते. या पद्धतीला एम्युलेशन म्हणतात. एसएनके कंपनीचे ‘निओ जिओ मिनी’ (२०१८, ४० खेळ, साडेतीन इंची पडदा), सेगाचे ‘अ‍ॅस्ट्रो सिटी मिनी’ (२०२०) आणि टायटोचे ‘इग्रेट टू मिनी’ (२०२२, ४० खेळ, पाच इंची पडदा) ही या प्रकारातील महत्त्वाची यंत्रे.

त्यांपैकी ‘इग्रेट टू मिनी’ सर्वांत विचारपूर्वक घडवलेले आहे. जुन्या खेळांपैकी काही उभ्या पडद्यासाठी बनले होते, काही आडव्या. आडव्या पडद्यावर उभा खेळ लावला की दोन्ही बाजूंना काळे पट्टे उरतात आणि चित्र बोटभर होते. या यंत्राचा पडदा हाताने फिरवून उभा करता येतो. दांडाही चार किंवा आठ दिशांना बदलून लावता येतो. ही बारीकसारीक सोय वाटेल, पण ज्याने चार दिशांचा खेळ आठ दिशांच्या दांड्यावर खेळून पाहिला आहे त्याला तिचे मोल कळते. वळणाशी बोट किंचित तिरके गेले की वळण हुकते, आणि हुकले की जीव गेलाच.

मूळ प्रोग्रॅम चालवण्याचे महत्त्व ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये (१९७८) स्पष्ट दिसते. तोमोहिरो निशिकादो यांच्या या खेळात पाच ओळींत ५५ शत्रू खाली उतरत येतात. यंत्रातला इंटेल ८०८० प्रोसेसर चित्राच्या एका चौकटीत (फ्रेममध्ये) एकच शत्रू सरकवू शकत असे आणि सेकंदाला सुमारे ६० चौकटी पडत. म्हणून पूर्ण फौजेला एक पाऊल टाकायला जवळपास सेकंद लागतो. शत्रू मरत जातात तसा उरलेल्यांचा वेग वाढतो आणि शेवटचा एकटा अक्षरशः सुसाट पळतो. यंत्राच्या मर्यादेतून जन्मलेली ही गतीच या खेळाचा प्राण आहे, आणि एम्युलेशनने तीच सांभाळायची असते. वरून जाणाऱ्या उडत्या तबकडीचे गुण किती मिळणार हेही झाडलेल्या गोळ्यांच्या संख्येवर ठरते : तेविसाव्या गोळीला आणि पुढे दर पंधराव्या गोळीला तबकडी टिपली तर पूर्ण ३०० गुण. गोळ्या मनात मोजत खेळणारे खेळाडू यामुळेच तयार झाले.

खेळ ‘संपवणे’ या कल्पनेचा अर्थ लघु कॅबिनेटवर बदलतो. ‘स्पेस इन्व्हेडर्स’ला शेवट नाहीच. ‘पॅक-मॅन’चा (१९८०) शेवट कुणी ठरवलेला नव्हता : टप्प्यांची गणती आठ बिटांत होत असल्याने २५६ व्या टप्प्यावर ती कोलमडते आणि अर्धा पडदा अक्षरांच्या कचऱ्याने भरतो. पुढच्या काळातल्या खेळांना मात्र शेवट असे, आणि तिथवर खेळाडूने सहज पोचू नये अशी त्यांची रचना असे, कारण दुकानाचा धंदा दुसऱ्या नाण्यावर चाले. नाणे फुकट झाल्यावर ‘मेटल स्लग’ (१९९६) तासाभरात संपतो. मरा, बटण दाबा, पुढे चला. असा संपवलेला खेळ पाहिलेला असतो, खेळलेला नसतो. म्हणून जाणकार खेळाडू एका नाण्यात, म्हणजे पुन्हा बटण न दाबता, शेवट गाठण्याचा नियम स्वतःला घालून घेतात. या यंत्रांना न्याय देणारी तीच रीत आहे.

महाराष्ट्रातल्या गावोगावच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये हा नियम परिस्थितीच घालून देई. खिशात एकच टोकन असे आणि मागे पोरांची रांग. तिथे सर्वाधिक लाडका खेळ होता कॅपकॉम कंपनीचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’ (१९९३). पण हे नाव कुणी घेत नसे. पिवळ्या टोपीवाल्या खेळाडूवरून त्याला सरसकट ‘मुस्तफा’ म्हणत. आज लघु कॅबिनेट विकत घेणारा मराठी माणूस बहुधा आधी हाच खेळ शोधतो आणि निराश होतो. खेळाची कथा मार्क शुल्ट्झ यांच्या चित्रकथेवर बेतलेली असल्याने हक्क एकट्या कॅपकॉमकडे नाहीत, आणि अधिकृत संग्रहांत हा खेळ सहसा आढळत नाही.

‘इग्रेट टू मिनी’वरील ‘बबल बॉबल’ (१९८६) हा पूर्ण खेळून काढण्यासाठी सर्वांत योग्य खेळ. फुकिओ मित्सुजी यांनी रचलेल्या या खेळात दोन छोटे ड्रॅगन शत्रूंना बुडबुड्यांत कोंडतात आणि मग शिंगांनी किंवा पाठीवरच्या काट्यांनी बुडबुडे फोडतात. एकेक फोडण्यापेक्षा सगळे एकत्र आणून एकदम फोडले तर गुण कितीतरी पटींनी वाढतात, त्यामुळे घाई न करणाराच जिंकतो. मजले १००. पण एकट्याने शंभरावा मजला जिंकला तर खेळ संपत नाही; मित्राला घेऊन या, असा निरोप पडद्यावर येतो. लघु कॅबिनेटला दांडा एकच असतो. खरा शेवट पाहायचा तर दुसरा कंट्रोलर यूएसबीने जोडावा लागतो, आणि शेजारी कुणाला तरी बसवावे लागते.