पेपर कोणत्या भाषेत होता?

पेट, नेट, सेट. संशोधनाकडे वळायचं म्हटलं की ही नावं आधी पाठ होतात आणि चर्चा कट-ऑफवर येऊन थांबते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र त्याआधी विचारावं, पेपर कोणत्या भाषेत होता?

उदाहरण जालन्याचंच घेऊ. जालना स्वतंत्र जिल्हा झाला १ मे १९८१ ला. त्याआधी तो औरंगाबाद जिल्ह्यात होता, आणि १९४८ पर्यंत हा सगळा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात. १९३० च्या दशकात इथल्या मराठी घरातल्या मुलाला संस्थानातच पदवी घ्यायची तर ठळक वाटा दोन. एक, १९१८ चं उस्मानिया विद्यापीठ : माध्यम उर्दू, शिवाय इंग्रजी सक्तीचं. दुसरी, मद्रास विद्यापीठाला जोडलेलं हैदराबादचं निजाम कॉलेज : माध्यम इंग्रजी. मराठी दोन्हीकडे नाही. म्हणजे गणितात हुशार असलेल्या पोराचीही आधी भाषेतच परीक्षा व्हायची.

आता १९३८ पाहा. 'वंदे मातरम्' म्हटल्यावरून उस्मानियाने विद्यार्थ्यांना काढून टाकलं. त्यातल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यापैकीच एक. मुलं तीच, त्यांची तयारीही तीच. बदललं ते फक्त दार. प्रवेश नुसत्या गुणांवर ठरत नाही, हे यावरून कळतं.

२३ ऑगस्ट १९५८ ला मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं आणि विद्यापीठ जालन्याच्या जवळ आलं. पण भाषेचा प्रश्न मिटला का? जून २०२४ पासून नेटचे गुण पीएचडी प्रवेशालाही चालतात. नुसते पीएचडीसाठी पात्र ठरलेल्यांना नेटचं वजन ७० टक्के, मुलाखतीचं ३०. भाषाविषय सोडले तर नेटचा पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतो. महाराष्ट्राच्या सेटला मराठीचा पर्याय आहे. एमएपर्यंत इतिहास मराठीत शिकलेल्या मुलीसाठी हा फरक बारीक नाही.

म्हणून परीक्षांच्या इतिहासावर काम करणार असाल, तर नुसत्या निकालाच्या याद्या घेऊन बसू नका. यादीत फक्त पास झालेले दिसतात. जे परीक्षेला बसूच शकले नाहीत, त्यांचा माग नियमावलीत, शाळांच्या माध्यमांत आणि गाव सोडून शिकायला गेलेल्यांच्या आठवणींत लागतो. 'किती पास झाले?' हे नंतर मोजा. आधी 'कोणाला बसता आलं?' ते शोधा.