धनी नसलेला प्रांत: कागा आणि इक्को-इक्की

आज विषयात शिरायला एका खेळाची मदत घेतो. ‘टोटल वॉर: शोगन २’ हा संगणकावरचा युद्धखेळ २०११ साली आला. तुमच्यापैकी, निदान तुमच्या घरातल्या मुलांपैकी, काहींनी तो खेळलेला असेल. सोळाव्या शतकातला जपान, ठिकठिकाणी एकमेकांवर टपलेली घराणी, आणि आपण त्यातलं एक घराणं घेऊन क्योतोच्या दिशेने निघायचं. या खेळात पुढे एक जादाचा गट विकायला आला, त्याचं नाव ‘इक्को-इक्की’. यांचे भिक्षू दुसऱ्याच्या प्रांतात जातात, लोकांना फितवतात, बंड उभं करतात. त्यामुळे बाकीच्या घराण्यांचा यांच्यावर राग.

इथवर ठीक आहे. पण खेळाची रचनाच अशी की प्रत्येक गटाला एक दाइम्यो लागतो. दाइम्यो म्हणजे प्रांताचा धनी. त्याला वारस हवा, सरदार हवेत, तो मेला की मुलगा गादीवर. त्या चौकटीत बसवायचं म्हणून इक्को-इक्कींनाही एक दाइम्यो देऊन टाकलाय. आणि नेमकं तेच त्यांच्याकडे नव्हतं. कागा नावाचा एक आख्खा प्रांत, १४८८ पासून १५८० पर्यंत, म्हणजे ब्याण्णव वर्षं, दाइम्योशिवाय चालला. मग तो चालवला कुणी, हा आजचा प्रश्न.

आधी नाव समजून घेऊ. ‘इक्की’चा अर्थ आज जपानीत बंड असा होतो, पण मुळात तो तसा नव्हता. एका विचाराने बांधलेली जूट, शपथेची जूट, असा तो शब्द. लोक देवळात जमायचे, शपथ कागदावर लिहायची, सह्या करायच्या, मग तो कागद जाळून राख पाण्यात कालवायची आणि ते पाणी सगळ्यांनी प्यायचं. अशी जूट शेतकरी करत, तसेच छोटे सामुराईही करत. १४२८ साली क्योतोच्या आसपास गावकऱ्यांनी कर्जमाफीसाठी उठाव केला, तीही इक्कीच. म्हणजे धर्माशी तिचा संबंध असलाच पाहिजे असं नाही. ‘इक्को’ म्हणजे एकचित्त, एकाच गोष्टीला वाहिलेले. शिन पंथाच्या लोकांना बाहेरचे लोक हे नाव लावत. पंथाच्या प्रमुखांना ते पसंत नव्हतं. आणि ‘इक्को-इक्की’ हा जोडशब्द तर पुढच्या काळातल्या लेखकांनी रूढ केलेला आहे. या लोकांनी स्वतःला ते नाव दिलं नव्हतं.

शिन पंथ तेराव्या शतकातल्या शिनरानचा. त्याची शिकवण थोडक्यात अशी: माणूस स्वतःच्या पुण्याईने तरत नाही, अमिदा बुद्धाच्या कृपेने तरतो. त्याच्यावर विश्वास ठेवा, त्याचं नाव घ्या. कर्मकांड नको, ब्रह्मचर्य नको. शिनरानने स्वतः लग्न केलं होतं. क्योतोत त्याच्या समाधीपाशी होंगान्जी हे मंदिर उभं राहिलं आणि प्रमुखपद त्याच्याच वंशात चालू राहिलं. दोनशे वर्षं हे मंदिर तसं मागेच पडलेलं होतं. ते वर आणलं आठव्या प्रमुखाने, रेन्न्योने. जन्म १४१५, मृत्यू १४९९, पाच लग्नं आणि सत्तावीस मुलं. हा आकडा गंमत म्हणून सांगत नाही, ही मुलं पुढे लागणार आहेत.

रेन्न्योचं मोठं काम म्हणजे त्याची पत्रं. साध्या बोलीच्या जवळ जाणारी, सोप्या लिपीतली, गावच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवण्यासाठी लिहिलेली. गावोगाव ‘को’ नावाच्या बैठका असत. महिन्यातून ठरलेल्या दिवशी जमायचं, पत्र ऐकायचं, नामस्मरण करायचं, एकत्र जेवायचं. पुजाऱ्याचं उंच आसनही रेन्न्योने काढून टाकलं आणि तो भक्तांच्या बरोबरीने बसू लागला. आता त्या काळच्या गावात नेमानं जमणारी, एकमेकांवर विश्वास असलेली, शेजारच्या गावाशी जोडलेली माणसं म्हणजे काय, ते तुम्हीच बघा. पत्रं वाचायला जमणारी माणसं इतर गोष्टींवरही बोलणारच.

१४६५ मध्ये हिएइ पर्वतावरच्या बलाढ्य मठाने होंगान्जी उद्ध्वस्त केलं. दोनच वर्षांत ओनिनचं युद्ध पेटलं आणि क्योतोच जळायला लागलं. १४७१ मध्ये रेन्न्यो उत्तरेला, कागाच्या सीमेला लागून असलेल्या योशिझाकी इथे गेला. कागा म्हणजे आजच्या इशिकावा प्रांताचा दक्षिण भाग, जपानच्या समुद्राच्या बाजूचा.

कागाचा सुभेदार तोगाशी घराण्यातला. दोन भाऊ गादीवरून भांडत होते. १४७४ मध्ये होंगान्जीच्या भक्तांनी त्यातल्या मासाचिकाला मदत केली आणि तो जिंकला. जिंकल्यावर त्याला कळलं की ज्यांनी आपल्याला गादीवर बसवलं ते उतरवूही शकतात. मग तो त्यांच्यावर उलटला. रेन्न्यो १४७५ मध्ये योशिझाकी सोडून निघून गेला. हे लक्षात ठेवा. भक्तांना त्याचा उपदेश हाच होता की सुभेदाराशी भांडू नका, कर भरा, इतरांच्या देवांची निंदा करू नका. त्याला लढाई नको होती. भक्तांनी त्याचं ऐकलं नाही.

१४८७ मध्ये मासाचिका शोगनच्या मोहिमेवर ओमी प्रांतात गेला आणि खर्चासाठी कागात जबर वसुली लावली. घरी पेटलं म्हणून परतला, पण पुढच्या वर्षी ताकाओच्या किल्ल्यात त्याला वेढा पडला. वेढा घालणारे लाख ते दोन लाख होते, असं तेव्हाच्या नोंदींत येतं. हे आकडे मोजणीचे नव्हेत, सामुराईंच्या पोटात किती मोठा गोळा आला होता त्याचं ते माप आहे. किल्ला पडला, मासाचिकाने आत्महत्या केली.

खेळात प्रांत पडला की नकाशावरचा रंग बदलतो. कागात मात्र विजेत्यांनी तोगाशी घराण्यातलाच एक म्हातारा, यासुताका, सुभेदार म्हणून बसवला. पद तसंच, घराणं तेच, फक्त नेमणूक खालून झालेली! शोगनने रेन्न्योला फर्मावलं की कागाच्या भक्तांना पंथातून काढून टाक. रेन्न्योने त्यांना खरमरीत पत्र लिहिलं, पण काढलं नाही. सत्तावीस मुलांचा बाप होता, रागवावं किती आणि तोडावं किती हे त्याला कळत असणार.

मग सत्ता कुणाच्या हातात होती? इथे दोन सोप्या उत्तरांपासून सावध राहायला पाहिजे. पहिलं, हे माथेफिरू धर्मवेडे होते. दुसरं, ते शेतकऱ्यांचं प्रजासत्ताक होतं. दुसरं उत्तर विसाव्या शतकातल्या अभ्यासकांना फार आवडलं, आणि त्याला आधारही आहे. रेन्न्योच्याच एका मुलाने मागे ठेवलेल्या लिखाणात, कागा हा जणू ‘ह्याकुशो’ लोकांच्या ताब्यातला मुलूख झालाय, अशा अर्थाचा उल्लेख येतो. पण ह्याकुशो म्हणजे केवळ शेतकरी नव्हेत. आमिनो योशिहिको या इतिहासकाराने हे आयुष्यभर सांगितलं: त्यात कोळी, मीठकरी, कारागीर, व्यापारी सगळे येतात. शिवाय कागाच्या जुटीत गावातले छोटे सामुराई मोठ्या संख्येने होते, आणि शस्त्रं व लढाईचा सराव त्यांच्याकडेच होता. प्रांताचे चार जिल्हे. प्रत्येक जिल्ह्यात गावांचे गट आणि त्यांच्या सभा. वर तीन मोठी मंदिरं, आणि त्या मंदिरांवर रेन्न्योची मुलं. सत्ता अशी वाटली गेलेली होती, आणि वाटलेली सत्ता भांडणाशिवाय राहत नाही.

१५३१ मध्ये ते भांडण फुटलं. होंगान्जीचा प्रमुख तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांचा होता. त्याच्या आजोबांनी, म्हणजे रेन्न्योच्याच आणखी एका मुलाने, कागातल्या आपल्या भावांच्या तीन मंदिरांविरुद्ध फौज उभी केली. दोन्हीकडे अमिदाचं नाव घेणारे लोक. तिन्ही मंदिरांची सत्ता मोडली आणि कागा थेट मुख्य मंदिराच्या हाताखाली आला. ते मंदिर लवकरच ओसाकाला हललं. म्हणजे स्वतःचा कारभार स्वतः बघणारा कागा खऱ्या अर्थाने होता तो पहिल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत. पुढे त्यालाही धनी मिळाला, फक्त त्याने चिलखत घातलेलं नव्हतं.

त्या पोरसवदा प्रमुखाने पुढे ठेवलेली रोजनिशी आज उपलब्ध आहे, साधारण १५३६ ते १५५४ मधली. मला ती लढायांच्या वर्णनांपेक्षा जास्त बोलकी वाटते. तिच्यात कागातले जमिनीचे तंटे येतात. क्योतोचे दरबारी अमीर-उमराव मध्यस्थी करा म्हणून निरोप धाडतात, कारण कागातल्या त्यांच्या जमिनींचा महसूल येईनासा झालाय. ज्यांना आपण बंडखोर म्हणतो त्यांच्याकडे दरबारी लोक वसुलीसाठी अर्ज करताहेत! याला बंड म्हणायचं की सरकार?

आता तलवारीकडे येऊ. ओदा नोबुनागा आणि होंगान्जी यांच्यात १५७० ते १५८० असा दहा वर्षं संघर्ष चालला. ओसाकाचा वेढा, मोरी घराण्याची समुद्रावरून आलेली रसद, साइकाचे बंदूकवाले, हे सगळं खेळात भरपूर आहे, त्यावर वेळ घालवत नाही. नागाशिमा आणि एचिझेन या दोन ठिकाणांवर मात्र थांबायला हवं.

नागाशिमा म्हणजे नद्यांच्या मुखाशी असलेली बेटं. तिथल्या इक्कीने १५७० मध्ये नोबुनागाच्या भावाचा बळी घेतला. १५७१ आणि १५७३ च्या दोन स्वाऱ्या फसल्या. १५७४ मध्ये त्याने पाण्यातून आणि जमिनीवरून कोंडी केली, उपासमार केली, आणि शेवटी उरलेल्यांना कुंपण घालून आग लावली. आत सुमारे वीस हजार लोक होते, बायका-मुलांसकट. हा आकडा नोबुनागाच्याच बाजूच्या चरित्रात आहे.

एवढं क्रौर्य का? नोबुनागाचा स्वभाव, हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. सामुराईंच्या लढाईत एक सोय असते: धनी मारला की घराणं संपतं, उरलेले चाकरी बदलतात. १५६३-६४ मध्ये तोकुगावा इएयासूच्या मिकावा प्रांतात इक्की झाली. त्याचे स्वतःचेच कितीतरी चाकर इक्कीकडे गेले, त्यात होंदा मासानोबूही होता. तोच मासानोबू पुढे परत येऊन इएयासूचा मोठा सल्लागार झाला. चाकराला परतायला जागा असते. पण जिथे कापायला एक डोकंच नाही, तिथे नोबुनागाने सगळीच कापायची ठरवली.

एचिझेनची गोष्ट वेगळ्या कारणाने बोचते. १५७४ मध्ये हा प्रांतही इक्कीच्या हाती आला. होंगान्जीने तिथे आपला माणूस, शिमोझुमा राइशो, कारभारी म्हणून पाठवला. त्याने आणि त्याच्या मंडळींनी जुन्या सरदारांसारखीच वसुली सुरू केली. मग वर्षाच्या आतच तिथल्या भक्तांनी मंदिराच्या कारभाऱ्यांविरुद्ध इक्की केली. इक्कीच्या पोटात इक्की! १५७५ मध्ये नोबुनागा आला तेव्हा एकजुटीने लढायला कुणी उरलंच नव्हतं. गावात प्रेतांमुळे मोकळी जागा राहिली नाही, असं त्याने क्योतोतल्या आपल्या अधिकाऱ्याला कळवलं.

एचिझेनमधल्या एका किल्ल्याच्या जागी विसाव्या शतकात एक छपराचं कौल सापडलं. त्यावर मजकूर कोरलेला आहे: पाचव्या महिन्यात इक्की उठली, माएदा तोशिइएने हजारेक माणसं जिवंत पकडली, कुणाला खांबावर चढवलं, कुणाला कढईत उकळलं, पुढच्यांना कळावं म्हणून हे लिहून ठेवतोय, असा आशय. कौलाच्या अस्सलपणावर वाद घालणारेही आहेत. पण हरलेल्यांच्या बाजूने बोलणारं असं काही फार थोडं उरलंय.

१५८० मध्ये सम्राटाच्या मध्यस्थीने तह झाला. अकरावा प्रमुख केन्न्यो ओसाका सोडून जिवंत बाहेर पडला. नीट वागलात तर कागाचे दोन जिल्हे परत देऊ, असं नोबुनागाने लिहून दिलं होतं. त्याच वर्षी त्याच्या सेनापतीने कागा घेतला. हाकुसानच्या पायथ्याशी डोंगरातले लोक १५८२ पर्यंत झुंजत राहिले. शेवटी तीनशेच्या वर माणसं खांबांवर चढवली गेली. होंगान्जीला मात्र पुढे हिदेयोशीने क्योतोत जमीन दिली. १६०२ मध्ये त्याची पूर्व आणि पश्चिम अशी दोन मंदिरं झाली. ती दोन्ही आज क्योतोच्या रेल्वे स्टेशनपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत.

आणि कागा? १५४६ मध्ये पंथाने तिथे टेकडीवर ओयामा नावाचं मुख्य ठाणं बांधलं होतं. त्याच जागी कानाझावाचा किल्ला झाला आणि तो माएदा तोशिइएला मिळाला. दहा लाख कोकू तांदळाच्या उत्पन्नाची, शोगन सोडला तर सगळ्यात श्रीमंत अशी जहागीर त्याच्या वंशजांनी तिथे भोगली. आज तुम्ही कानाझावाला गेलात तर केनरोकुएन बाग बघाल, किल्ला बघाल. किल्ल्याशेजारी एक शिंतो मंदिर आहे, रंगीत काचांच्या दरवाजाचं, फार देखणं. त्याचं नाव ओयामा. आत देव म्हणून पुजला जातो तो माएदा तोशिइए.

चला, वेळ झाली. प्रश्न असतील तर घेऊ या.