एलायझाचा मूळ कोड कुठे होता?

प्रोग्रॅमिंग शिकताना आपण बहुतेक जण एक छोटा प्रोग्रॅम लिहितो: काळ्या खिडकीत तो प्रश्न विचारतो, तुम्ही उत्तर टाईप करता, तो पुढचा प्रश्न टाकतो. ओळ वाचायची, तिच्यावर काहीतरी करायचं, उत्तर छापायचं, परत वाचायचं. एवढ्याच सांगाड्यावर उभा असलेला सर्वांत गाजलेला प्रोग्रॅम म्हणजे एलायझा. जोसेफ वायझेनबाउम यांनी तो एमआयटीत १९६४ ते १९६६ या काळात लिहिला.

त्या काळी संगणकाशी 'बोलणं' ही साधी गोष्ट नव्हती, हे लक्षात घ्या. एरवी पंच कार्डांचा गठ्ठा द्यायचा आणि छापील उत्तराची वाट बघायची. एमआयटीच्या सीटीएसएस या प्रणालीमुळे अनेकांना आपापल्या टाईपरायटरसारख्या टर्मिनलवरून एकच आयबीएम ७०९४ एकाच वेळी वापरता येऊ लागला. वाक्य संपलं की दोनदा रिटर्न दाबायचं, मग एलायझाची पाळी. प्रश्नचिन्ह मात्र टाईप करायचं नाही. ते चिन्ह त्या प्रणालीत ओळ खोडायला वापरलं जायचं!

नाव शॉ यांच्या 'पिग्मॅलियन'मधल्या फुलवालीचं. पुलंची 'ती फुलराणी' त्याच नाटकावर बेतलेली, म्हणजे आपली मंजुळा हिची मराठी बहीणच. दोघींना बोलणं शिकवता येतं, तसंच या प्रोग्रॅमलाही, कारण बोलण्याचे नियम मूळ प्रोग्रॅमपासून वेगळ्या 'स्क्रिप्ट'मध्ये ठेवले होते. स्क्रिप्ट बदला, एलायझा वेगळं बोलेल. मला विचाराल तर खरी हुशारी इथे आहे.

'डॉक्टर' ही स्क्रिप्ट मानसोपचारतज्ज्ञाची होती. तज्ज्ञ तुमचंच वाक्य प्रश्न करून परत देतो, त्यामुळे प्रोग्रॅमला जगाचं काहीच ज्ञान लागत नाही. मराठीत करून बघू. तुम्ही लिहिलंत, "आई माझ्यावर रागावते". 'आई' हा कळीचा शब्द सापडला, वाक्याचे तुकडे झाले, 'माझ्यावर'चं 'तुमच्यावर' झालं आणि उत्तर आलं, "घरात आणखी कोण तुमच्यावर रागावतं". कळीचा शब्दच नसेल, तर कधी तुमचं आधीचं एखादं वाक्य उकरून काढायचं, नाहीतर नुसतं "पुढे सांगा".

आता तुमच्या कामाचा भाग. जानेवारी १९६६च्या शोधनिबंधात कार्यपद्धती होती, स्क्रिप्ट होती, पण प्रोग्रॅमचा कोड नव्हता. मग निबंधावरून लोकांनी आपापली एलायझा लिहिली. बर्नी कोसेल यांची लिस्पमधली आवृत्ती अर्पानेटवरून पसरली. जेफ श्रेगर यांची बेसिकमधली १९७७ साली मासिकात छापून आली आणि घरोघरच्या संगणकांवर गेली. मूळ कोड मॅड आणि स्लिपमध्ये होता, तरी एलायझा लिस्पमध्येच लिहिली होती असा समज अनेक दशकं टिकला. एखादा संशोधक 'मूळ एलायझा'वर लिहीत असेल, तर तो बहुधा नकलेवरच लिहीत असायचा. म्हणून प्रबंधासोबत कोड जमा करायला मार्गदर्शक सांगतात, तेव्हा कंटाळा करू नका.

वायझेनबाउम २००८ साली गेले. त्यांच्या कागदपत्रांत, एमआयटीच्या अभिलेखागारात, २०२१ साली मूळ कोडचे छापील कागद मिळाले. शोधणाऱ्यांत तेच जेफ श्रेगर होते. डिसेंबर २०२४मध्ये सीटीएसएसची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर ती एलायझा पुन्हा बोलली. वाक्यात आकडा टाईप केला की ती बंद पडते, हेही तेव्हा लक्षात आलं. ती चूक त्यांनी मुद्दाम तशीच ठेवली आहे.