गुलामांची मुक्तिदात्री : हॅरिएट टबमन



स्मरणिकेसाठी "इतिहासातील एखाद्या थोर स्त्रीवर लिहा" असे अध्यक्षाबाईंनी सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लेखणीशी संबंध म्हणजे वाण्याची यादी आणि माहेरी पाठवायचे पत्र. शिवाय जिजाबाई, अहिल्याबाई, झाशीची राणी यांच्यावर मागच्या अंकांतून सुरेख लेख येऊन गेले आहेत. मग एके दुपारी मी तांदूळ निवडत बसले असता माझ्या थोरल्या मुलीने मला एका परदेशी बाईची हकीगत वाचून दाखवली. ती राणी नव्हती की सरदारकन्या नव्हती. तिला लिहिता-वाचता येत नव्हते आणि लोकांच्या घरी राबून ती पोट भरत होती. ऐकताना माझ्या हातातले सूप कितीदा तरी थांबले. तीच हकीगत मला उमजली तशी सांगते.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ लिहिला आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना तो अर्पण केला, हे पुष्कळजणींना ठाऊक असेल. त्या अमेरिकेच्या दक्षिण भागात आफ्रिकेतून आणलेल्या काळ्या लोकांची व त्यांच्या मुलाबाळांची गुराढोरांसारखी खरेदी-विक्री होई. आई गुलाम असली की मूल जन्मताच गुलाम, मग बाप स्वतंत्र का असेना. अशाच एका आईच्या पोटी, मेरीलँड राज्यातील डॉर्चेस्टर परगण्यात, १८२२ च्या सुमारास हॅरिएट जन्मली. बापाचे नाव बेन रॉस, आईचे रिट. भावंडे नऊ. त्यांतल्या तीन बहिणी मालकाने दूर देशी विकल्या. त्या पुन्हा कधी दिसल्या नाहीत. पुढे धाकट्या मुलाला न्यायला गिऱ्हाईक आले, तेव्हा रिटने त्याला महिनाभर लपवून ठेवले आणि "जो कोणी आधी माझ्या घरात पाऊल टाकील त्याचे डोके फोडीन" असे बजावले. तो सौदा मोडला. लेकीने हे पाहिले होते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पाच-सहा वर्षांची असतानाच हॅरिएटला दुसऱ्याच्या घरी मूल सांभाळायला दिले. रात्री मूल रडले की हिच्या पाठीवर चाबूक पडे. ते वळ म्हातारपणीही गेले नाहीत. गोवर अंगावर असताना तिला कमरेइतक्या गार पाण्यात सापळे बघायला पाठवीत. पुढे ती मोठी झाल्यावर एकदा दुकानात उभी असता, पळणाऱ्या एका गुलामावर मुकादमाने दोन पौंडांचे लोखंडी वजन फेकले, ते हिच्या कपाळावर बसले. तेव्हापासून बोलता बोलता, चालता चालता तिला एकाएकी गुंगी येई. हे दुखणे जन्मभर राहिले. पुढची सगळी कामे तिने हे दुखणे घेऊन केली.

१८४४ च्या सुमारास जॉन टबमन नावाच्या स्वतंत्र माणसाशी तिचे लग्न झाले. १८४९ मध्ये मालक वारला. त्याचे कर्ज फेडण्यासाठी आता आपल्याला विकणार हे तिने ओळखले. दोन भावांसह ती पळाली, पण भाऊ वाटेत भ्याले व तिलाही परत घेऊन आले. मग थोड्याच दिवसांनी ती एकटी निघाली. रात्री ध्रुवतारा बघून चालायचे, दिवसा लपायचे. वाटेत क्वेकर पंथाचे दयाळू लोक आसरा देत. सुमारे ९० मैल अशी वाटचाल करून ती पेनसिल्व्हेनिया राज्यात, म्हणजे स्वतंत्र भूमीवर पोहोचली.

येथे पुष्कळ गोष्टी संपल्या असत्या. पण स्वतंत्र झाल्यावर तिला पहिल्यांदा काय वाटले, ते तिने पुढे सांगून ठेवले आहे. आपण सुटलो खरे, पण या मुलखात आपले स्वागत करायला कोणी नाही. आपले घर तिकडेच आहे, कारण आईबाप, भाऊबहिणी तिकडे आहेत. त्यांनाही आणीन तेव्हाच हे माझे घर होईल. मैत्रिणींनो, सासरी पहिल्या रात्री परक्या भिंतींकडे बघत पडलेल्या आपण सगळ्याजणींना यातले थोडेसे तरी कळेल.

फिलाडेल्फिया शहरात ती स्वयंपाकीण म्हणून, मोलकरीण म्हणून राबली. उन्हाळ्यात केप मे येथील हॉटेलांत काम करी. पैसा पैसा जमवी आणि पुरेसा साठला की परत त्याच मेरीलँडमध्ये शिरे. १८५० च्या डिसेंबरात तिने पहिल्यांदा आपली भाची किसाया हिला दोन मुलांसह सोडवून आणले. किसायाचा लिलाव कचेरीसमोर पुकारला होता. तिच्या नवऱ्यानेच, तो स्वतंत्र होता, बोली लावली आणि पैसे भरायची वेळ येण्याआधी बायकोमुलांना होडीत घालून बाल्टिमोरला नेले. तेथून हॅरिएटने त्यांना पुढे नेले. त्याच वर्षी पळालेल्या गुलामाला उत्तरेतही पकडून परत पाठवण्याचा कडक कायदा झाला होता. म्हणून तिची वाट पुढे थेट कॅनडापर्यंत लांबली.

गुलामांना पळून जायला मदत करणाऱ्या या गुप्त व्यवस्थेला 'भुयारी रेल्वे' म्हणत. भुयार नव्हते आणि रेल्वेही नव्हती. आसरा देणारे घर म्हणजे 'स्टेशन', पळणारा तो 'प्रवासी' आणि वाट दाखवणारा तो 'कंडक्टर'. विल्मिंग्टनचे टॉमस गॅरेट, फिलाडेल्फियाचे विल्यम स्टिल हे या कामातले मोठे आधार. हॅरिएट ही सर्वांत धाडसी कंडक्टर. रात्री मोठ्या म्हणून ती हिवाळ्यात जाई. निघायची ती शनिवारी रात्री, कारण पळाल्याची जाहिरात छापखान्यातून सोमवारशिवाय निघत नसे. तान्ही मुले रडू नयेत म्हणून त्यांना अफूचा अंश असलेले औषध देई. पूर्वी आपल्याकडे बाळगोळी देत, तसाच तो प्रकार. कमरेला पिस्तूल असे. वाटेत कोणी भिऊन परत फिरू लागला तर ती ते रोखी, कारण एक परतला म्हणजे सगळे धरले जाणार.

एकदा ती आपल्याच गावाजवळून जात असता जुना मालक समोरून आला. तिच्या हातात पाय बांधलेल्या दोन कोंबड्या होत्या. तिने दोरी ओढली, कोंबड्या फडफडल्या आणि ती त्यांच्या मागे धावू लागली. लोक हसले, ती निसटली. दुसऱ्या वेळी गाडीत बसली असता तिच्यावर नजर गेलीसे वाटताच तिने वर्तमानपत्र उघडून तोंडापुढे धरले. पळालेली बाई निरक्षर आहे हे सर्वांना माहीत होते ना! कागद सुलटा धरला आहे की उलटा, एवढीच काळजी तिला होती. आपल्या साक्षरता वर्गात ही गोष्ट सांगितली तेव्हा बायका हसून हसून बेजार झाल्या. पोस्टमनने दिलेले पत्र असेच हातात धरून उभे राहण्याची पाळी आपल्यावरही आल्याचे दोघीतिघींनी सांगितले.

१८५४ च्या नाताळची गोष्ट मात्र हसायची नाही. तिचे तीन भाऊ नाताळच्या दुसऱ्या दिवशी विकले जाणार होते. तिने सांकेतिक पत्र लिहवून निरोप धाडला आणि स्वतः आली. सर्वजण बापाच्या खोपटाजवळच्या कणसांच्या कोठारात लपले. म्हातारा बेन गुपचूप जेवण घेऊन आला. पण त्याने डोळ्यांवर रुमाल बांधून घेतला होता. उद्या शिपाई विचारतील तेव्हा "मी माझी मुले पाहिली नाहीत" असे खरेपणाने सांगता यावे म्हणून! आईला मात्र काही कळवले नाही, कारण ती हंबरडा फोडील आणि सारा गाव जागा होईल. ती बिचारी सणाचे जेवण रांधून मुलांची वाट पाहत होती. पाच वर्षांनी आलेल्या लेकीने तिला फटीतूनच पाहिले आणि पाऊस ओसरला तशी ती निघाली. रुमाल बांधलेला बाप दोन मुलांचे हात धरून थोडे अंतर सोबत चालला, मग वाटेत उभा राहून पावलांचा आवाज ऐकत राहिला. १८५७ मध्ये तिने त्या दोघा म्हाताऱ्यांनाही सोडवून नेले.

नवऱ्याला आणायलाही ती १८५१ मध्ये गेली होती, त्याच्यासाठी नवे कपडे घेऊन. त्याने दुसरा घरोबा केला होता आणि तो भेटायलाही आला नाही. ती कष्टी झाली. पण रिकाम्या हाताने न परतता दुसऱ्या लोकांना घेऊन गेली.

काही पुस्तकांत ३०० माणसे सोडवली असे छापले आहे. नंतर झालेल्या संशोधनाप्रमाणे सुमारे १३ फेऱ्या आणि सुमारे ७० माणसे. मला तर हा आकडाच मोठा वाटतो, कारण त्यांतली बहुतेक तिच्या नात्याची किंवा ओळखीची होती. वाटेत एकही प्रवासी तिने गमावला नाही.

पण एकजण राहिली. बहीण रेचल. तिची मुले दुसरीकडे ठेवलेली आणि मुलांवाचून ती निघायला तयार नव्हती. हॅरिएट दहा वर्षे खटपट करीत होती. १८६० च्या अखेरीस ती गेली तेव्हा रेचल आधीच वारली होती. मुलांना काढायला लाच द्यायला ३० डॉलर हवे होते, तेवढे तिच्याजवळ नव्हते. ती दोन्ही मुले मागेच राहिली. त्या फेरीत तिने दुसऱ्याच एका कुटुंबाला लेकरांसह पार नेले.

पुढे गुलामगिरीवरून मोठे युद्ध झाले. त्यात तिने सैनिकांची शुश्रूषा केली, हेरगिरी केली. २ जून १८६३ रोजी कर्नल माँटगोमेरी यांच्या तुकडीबरोबर जाऊन तिने कंबाही नदीकाठच्या भातशेतांवरून एका रात्रीत ७०० हून अधिक गुलाम सोडवले. चुलीवरचा वाफाळता भात तसाच डोक्यावर घेऊन बाया बोटींकडे धावत होत्या, असे ती सांगत असे. भाताच्या मुलखातल्या आपल्यासारखीला हे चित्र विसरता येणार नाही.

एवढे करूनही सरकारने तिला निवृत्तिवेतन दिले ते तीस वर्षांहून अधिक काळ झगडल्यावर, १८९९ मध्ये, महिना २० डॉलर. त्यातलेही ८ दुसऱ्या नवऱ्याची विधवा म्हणून. स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून ती सभांतून बोलली. ऑबर्न गावच्या आपल्या घरी तिने अनाथ, म्हातारे कोणाला कधी नाही म्हटले नाही. तिने दिलेल्या जागेवर १९०८ मध्ये वृद्धाश्रम उघडला आणि तेथेच १० मार्च १९१३ रोजी तिने देह ठेवला. २०२४ मध्ये मेरीलँड राज्याने तिला मरणोत्तर ब्रिगेडियर जनरलचा हुद्दा दिला.

रेचलची गोष्ट ऐकली तेव्हा मला माझी धाकटी बहीण आठवली. मी सातवी पास झाले. तिला मात्र भावाला सांभाळायला म्हणून चौथीतून काढले. मी तेव्हा एक शब्द बोलले नाही. गुलामगिरीपुढे हे दुःख काहीच नाही, त्याची बरोबरी मी करीत नाही. पण आपण पुढे आलो आणि कोणीतरी मागे राहिले, ही टोचणी कशी असते ते मला माहीत आहे. दर बुधवारी साक्षरता वर्गात मी पाटी घेऊन बसते त्याचे खरे कारण आजवर कोणाला सांगितले नव्हते, ते आज सांगितले. आणखी चार-पाच मैत्रिणी मदतीला आल्या तर वर्ग आठवड्यातून दोनदा घेता येईल. पाट्या मंडळाच्या कपाटात आहेत.