पाणी निवळलं का?

दसरा उलटला की इंदूरच्या आमच्या घरी आबांचा एकच प्रश्न. बडवाहकडून कुणीही आलं की आधी विचारायचे, "नर्मदेचं पाणी निवळलं का?" मग चहा.

आबा म्हणजे माझे आजोबा. १९४८ साली होळकरांचं राज्य मध्य भारतात विलीन होईपर्यंत ते दरबारच्या नोकरीत होते. त्यानंतरही त्यांचा एक शौक सुटला नाही: मीटरगेज गाडीनं बडवाहला उतरायचं आणि नर्मदेत गळ टाकायचा. महेश्वरला मात्र गळ कधीच नाही. तिथे आजी घाटावर माशांना कणकेच्या गोळ्या घालायची.

त्यांचा मासा म्हणजे महसीर, तिकडचे लोक त्याला बाडस म्हणतात. १८७३ साली हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रास इलाख्यातल्या इंग्रज अधिकाऱ्याचं 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक निघालं, त्यातही महसीरला मोठा मान आहे. आबांनी ते वाचलेलं नव्हतं. त्यांनी नदीच वाचली होती.

त्यांचा हिशेब साधा. पाणी गढूळ असेल तर माशाला लांबचं दिसत नाही. तो वासावर, तोंडाजवळच्या मिशांवर आणि अंगाला जाणवणाऱ्या पाण्याच्या थरथरीवर चालतो. तेव्हा चकाकणारा पत्रा फुकट. वासाची कणीक लावायची, आमिष काठाजवळ, संथ पाण्यात ठेवायचं आणि वाट पाहायची. पाणी नितळ झालं की उलटं. मासा आमिष लांबून पाहतो, तसा तुम्हालाही पाहतो. मग दोरी बारीक, कपडे मातकट, सावली पाण्यावर पडू द्यायची नाही. धारेत पितळी चमचा फिरवायचा, म्हणजे पळणारी मासोळी वाटते. सगळ्यात चांगले दिवस मधले, पाणी पुरतं निवळायच्या आधीचे. माशाला दिसतं, पण तो फार चिकित्सा करत नाही!

पुढे नर्मदेवर धरणं झाली. बर्गी आधी, मग या शतकाच्या पहिल्या दहा वर्षांत इंदिरा सागर आणि ओंकारेश्वर. थांबलेल्या पाण्यात गाळ खाली बसतो, म्हणून वरचं पाणी नितळ दिसतं. आबांच्या हिशेबानं बाडस दिसायला हवा. पण तो वाहत्या पाण्याचा मासा; पावसाळ्यात खडी-गोट्यांवरून धार वाहते तिथे अंडी घालतो. पुराचा गढूळपणा आम्हाला अडचण वाटायची, त्याच्यासाठी तो विणीचा हंगाम होता. २०११ साली मध्य प्रदेशानं त्याला राज्यमासा केलं, तोवर तो नर्मदेत फार कमी झाला होता.

आबांचा पितळी चमचा अजून माझ्या कपाटात आहे, काळा पडलाय. घासून लख्ख करता येईल, पण फिरवायचा कुठे?

तुमच्या घरी नर्मदाकाठची अशी कुणाची आठवण असेल तर खाली जरूर लिहा. पाणी कधी निवळायचं, हे सांगणारी माणसं आता थोडीच उरलीत.