मावळातल्या दारा-खिडक्यांची घरपट्टी

नसरापूरहून वेल्ह्याकडे निघाले की वाटेत मार्गासनी लागते. डावीकडे वळले तर साखर, गुंजवणे आणि पुढे राजगडाची चढण. सरळ गेले तर वेल्हे आणि तोरणा. गडावर जाणाऱ्यांना हे गाव फाटा म्हणून ठाऊक आहे. इथे राहणाऱ्यांना मात्र ते पावसाचे गाव वाटते. जूनमध्ये सह्याद्रीचा माथा ओलांडून आलेला वारा गुंजवणीच्या खोऱ्यात शिरतो आणि पाऊस आडवा होतो. असा आडवा पाऊस म्हणजे झड. गुंजवण मावळातली जुनी घरे या झडीला समोर ठेवूनच बांधली गेली.

वाऱ्यापुढे आणि शत्रूपुढे दार कसे ठेवावे, याचा सर्वांत मोठा धडा या खोऱ्यात डोक्यावरच उभा आहे. राजगडाच्या गुंजवणे दरवाजात एकामागे एक अशी तीन प्रवेशद्वारे आहेत. पाली दरवाजातही पहिल्या दारानंतर पुन्हा चढण आणि मग दुसरे दार. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रात गडाचे दार खालून दिसू नये, पुढे बुरुज देऊन ते आड करावे, असा उपदेश आहे. तोफेचा मारा थेट दारावर येऊ नये, हा त्यामागचा हेतू. वाऱ्याचा माराही असाच असतो, आणि मावळातल्या शेतकऱ्याने आपल्या परीने तेच केले.

त्याचे घर ठेंगणे असे. कारवीचे कूड शेणामातीने लिंपलेले, नाहीतर दगडमातीच्या जाड भिंती. वर गवत किंवा नळीची कौले आणि पुढे मंगलोरी. छपराचा उतार इतका खाली ओढलेला की वळचणीखालून वाकून पडवीत शिरावे लागे. दारही बुटके. जाड फळ्यांचे, आतून अडसर घातला की वाऱ्याने हलणार नाही असे. पावसाच्या बाजूला खिडकी जवळजवळ नसेच. असली तर वीतभर झरोका, त्याला लाकडी झडप. मे महिना संपायच्या आत घर शाकारून घेतले जाई आणि उघड्या बाजूंना पेंढ्याचे, पानांचे आडोसे बांधले जात. अंधार आणि धूर ही या व्यवस्थेची किंमत होती, आणि ती मुख्यतः चुलीपुढे बसणाऱ्या बाईने मोजली. हे सांगितल्याशिवाय त्या घरांचे कौतुक करणे अन्यायाचे ठरेल.

पण उन्हाळ्यात तेच घर थंड राही आणि वादळात टिके. कौलांच्या सांध्यांतून वारा निसटून जाई, त्यामुळे आत दाब साचत नसे. पत्र्याच्या छपराला अशी वाट नाही. वाऱ्याच्या तोंडचे दार किंवा खिडकी फुटली की वारा घरात शिरतो, छताला आतून ढकलतो. त्याच वेळी वरून जाणारा वारा त्याला ओढत असतो. दोन्ही जोर एकत्र आले की हूक सुटतात आणि पत्रा शेजारच्या शिवारात जाऊन पडतो. छप्पर उडाले असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा आधी दाराने हार मानलेली असते.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. ताशी १०० ते ११० किलोमीटर वेगाचा वारा, झोत १२० पर्यंत. किनाऱ्यावर थांबेल ते वादळ कसले! घाट चढून ते पुणे जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यातही आले. पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले. त्यानंतर राज्य सरकारने पूर्ण पडलेल्या घराची मदत ९५,१०० रुपयांवरून दीड लाखावर नेली. अंशतः पडझडीसाठी मात्र नुकसान निदान १५ टक्के असावे, असा आपत्ती मदतीचा निकष असतो. एक दार निखळले, दोन खिडक्यांची तावदाने गेली, तर पंचनाम्यात ते १५ टक्क्यांपर्यंत पोचणे कठीण. म्हणजे ज्या दारापासून नाश सुरू होतो, ते दार मदतीच्या हिशेबात जवळपास नसतेच.

कराच्या हिशेबात तरी ते आहे का?

घरावर कर घेण्याची रीत जुनी. मराठेशाहीत घरपट्टी होती, उदीमधंदेवाल्यांवर मोहतर्फा होता. मुंबई इलाख्यात इंग्रजांनी मोहतर्फा १८४४ मध्ये उठवला. राजगड आणि प्रचंडगड, म्हणजे तोरणा, हे भोर संस्थानचे तालुके होते. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि तिथले संस्थानिक पंतसचिव यांची सत्ता संपली. पुढे १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम आला आणि १९६० चे करविषयक नियम आले. २०१५ च्या अखेरीस त्या नियमांत दुरुस्ती होऊन गावातली घरपट्टी इमारतीच्या भांडवली मूल्यावर बसू लागली. त्यात बांधकामाचे प्रकार पाडलेले आहेत: झोपडी आणि मातीचे घर, दगड-विटांचे मातीतले, मग चुन्या-सिमेंटचे, मग आरसीसी. जसजसे घर भक्कम, तसतसा दर चढा. गरिबाला दिलासा म्हणून हे रास्तच आहे. पण स्वतःच्या खर्चाने मजबूत दारे, वारा-पाऊस रोखणाऱ्या खिडक्या बसवणाऱ्याला या नियमांत एक पैसाही सुटत नाही. सवलत मिळते ती सप्टेंबरअखेरपर्यंत कर भरल्याची, ५ टक्के.

इंग्लंडने १६९६ मध्ये खिडक्यांवरच कर बसवला होता. लोकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या आणि १८५१ पर्यंत अंधारात दिवस काढले. कराच्या नियमाने घराचा चेहरामोहरा बदलतो, हे त्या बुजवलेल्या खिडक्यांनी दाखवून दिले. हाच जोर उलट दिशेने वापरता येतो, हे अमेरिकेने नंतर करून पाहिले. ऑगस्ट १९९२ मध्ये अँड्र्यू वादळाने दक्षिण फ्लोरिडा उद्ध्वस्त केल्यावर तिथले बांधकामाचे नियम कडक झाले, आणि दारा-खिडक्यांना वादळरोधक झडपा किंवा काचा असलेल्या घराला विम्याच्या हप्त्यात सूट देणे कंपन्यांवर कायद्याने बंधनकारक झाले. उष्णता रोखणाऱ्या खिडक्यांसाठी अमेरिकेच्या केंद्रीय प्राप्तिकरात ६०० डॉलरपर्यंत सवलत होती. ती २०२५ च्या अखेरीस बंद झाली.

आपल्याकडच्या विम्याचा कल घरपट्टीच्या नेमका उलटा. अग्निविम्याच्या जुन्या अखिल भारतीय दरपत्रकात कच्च्या बांधकामाला जादा दर होता. म्हणजे ज्या घराला ग्रामपंचायत कमी कर लावते, त्याच घराला विमा महाग. १ एप्रिल २०२१ पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांनी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी देणे सुरू केले. आग, वादळ, पूर, दरड यांपासून घराला संरक्षण देणारी ही पॉलिसी खेड्यातल्या माणसालाही समजेल इतकी सोपी आहे. पण तिच्या हप्त्यावर राहत्या घरासाठी प्राप्तिकरात वजावट नाही, आणि चांगल्या दाराची वेगळी किंमत तिथेही धरली जात नाही.

मार्गच नाही असे म्हणता येणार नाही. पुणे महापालिका सौरऊर्जा, पावसाचे पाणी साठवणे आणि गांडूळखत यांसाठी मिळकतकरात ५ ते १० टक्के सूट देत आली आहे. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २०१८ मध्ये आणलेल्या इको निवास संहितेत खिडक्यांचे आकारमान, त्यांतून येणारा वारा आणि भिंती-काचांतून शिरणारी उष्णता यांचे माप ठरवून दिले आहे. मापही आहे, सूट देण्याची पद्धतही आहे. फक्त ती शहराच्या वेशीवर थांबली आहे.

गावातली नवी घरे आता स्लॅबची आणि पत्र्याची होत आहेत. खिडक्या मोठ्या झाल्या, घरात उजेड आला, आणि ते चांगलेच झाले. मात्र त्या सरकत्या ॲल्युमिनियमच्या, पश्चिमेला तोंड केलेल्या, डोक्यावर सज्जा नसलेल्या असल्या तर पहिल्याच झडीत पाणी आत येते. सुताराकडून जाड झडपा करून घ्यायच्या तर खर्च वाढतो, आणि तो खर्च एकट्या घरमालकाचा.

घरपट्टीच्या दरांच्या मर्यादा राज्याच्या नियमांनी बांधलेल्या आहेत, त्या ग्रामपंचायत एकटी बदलू शकत नाही. पण ग्रामसभा ठराव करून सरकारकडे मागणी पाठवू शकते. १ मेची ग्रामसभा शाकारणीच्याच दिवसांत येते. मार्गासनीने, शेजारच्या विंझरने, साखरने त्या सभेत एवढेच मागावे: वादळ सोसणाऱ्या दारा-खिडक्यांसाठी घरपट्टीत ५ टक्के सूट.