लवूळ प्रकरण

लवूळ प्रकरण : बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातील लवूळ (लऊळ असेही लिहितात) या गावी वानरे कुत्र्यांची पिल्ले पळवून नेऊन मारतात, या डिसेंबर 2021 मधल्या बातमीमुळे गाजलेले प्रकरण. परग्रहावरच्या जिवांनी माणसे उचलून नेल्याच्या कथा अमेरिकेत उदंड आहेत. बीडच्या वाट्याला आली ती ही पळवापळवी, आणि तिच्यावरही वाद झडलाच.

गावकऱ्यांचे सांगणे असे. कुत्र्यांनी वानराचे एक पिल्लू मारले आणि तेव्हापासून वानरांनी डूख धरला. कुत्र्याचे पिल्लू दिसले की ते काखोटीला मारायचे, घराच्या पत्र्यावर, माळवदावर नाहीतर झाडाच्या शेंड्यावर न्यायचे आणि तिथून खाली टाकायचे. पिल्ले सोडवायला वर चढलेली माणसे पडून जखमी झाली, शाळेत जाणाऱ्या पोरांच्या मागे वानरे लागू लागली, गावात पिल्लू म्हणून उरले नाही, अशाही बातम्या आल्या. अखेर वनविभागाच्या नागपूरच्या पथकाने डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दोन वानरे पकडली. ती नागपूरकडे नेऊन जंगलात सोडली जातील, असे बीडच्या वनाधिकाऱ्यांनी सांगितले. तोवर ‘सूडाने पेटलेली माकडे’ परदेशी वृत्तपत्रांत पोचली होती आणि समाजमाध्यमांवर माकड विरुद्ध कुत्रा असे चित्रविनोदांचे युद्ध जुंपले होते.

वादाचा पहिला मुद्दा आकड्याचा. मेलेल्या पिल्लांची संख्या बातमीगणिक ऐंशीवरून अडीचशेवर गेली; प्रत्यक्ष गावात जाऊन विचारपूस करणाऱ्या वार्ताहरांना मात्र त्याहून पुष्कळ कमी आकडा ऐकू आला. अडीचशेचा हिशेब करून पाहण्याजोगा आहे. कोलकात्याच्या आयसर संस्थेतील अनिंदिता भद्रा यांच्या गटाने पश्चिम बंगालमधील मोकाट कुत्र्यांच्या 95 विणींतील 364 पिल्लांचा माग ठेवला होता. त्यांचा निष्कर्ष 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. एका विणीत सरासरी चारच्या आत पिल्ले पडतात. म्हणजे अडीचशे पिल्ले मारायची तर पासष्टच्या आसपास कुत्र्या एकट्या लवुळात नुकत्याच व्यालेल्या हव्यात, आणि एकही पिल्लू दुसऱ्या कशाने दगावलेले नको. पाच हजारांच्या आतबाहेर वस्तीच्या गावात हे जमणे अवघड. त्याच पाहणीत वयात येईपर्यंत जगलेली पिल्ले 19 टक्केच होती. उरलेली रोगराईने, उपासमारीने, गाड्यांखाली किंवा माणसांच्या हातून गेली. आपल्याकडची मोकाट कुत्री बहुधा पावसाळा सरल्यावर, थंडीच्या तोंडाशी वितात. त्यामुळे डिसेंबरात पिल्ले दिसेनाशी होणे हे वानर नसलेल्या गावातही घडते.

दुसरा मुद्दा हेतूचा, आणि खरी मेख तिथे आहे. वानरे पिल्ले उचलून वर नेत होती, हे पाहणारे पुष्कळ होते. वानराजवळ बसलेल्या पिल्लाची छायाचित्रेही फिरली. ते खोटे मानण्याचे कारण नाही. पण काळतोंडे वानर पाला, फळे, शेंगा खाणारे. पिल्लू त्याचे भक्ष्य नव्हे. वानरांच्या टोळीत एकीचे पोर दुसरीने घ्यावे, मांडीवर खेळवावे, उवा-गोचिडी वेचाव्यात ही रोजची रीत आहे. वानराचे पोर जन्मल्यापासून आईच्या पोटाला चारही हातापायांनी घट्ट बिलगते. तिने दोन्ही हात सोडून उडी मारली तरी ते सुटत नाही. कुत्र्याच्या पिल्लाला तसे बिलगता येत नाही. वानराने हात सैल केला की ते पडते, किंवा माळवदावर दुधावाचून राहते. तेव्हा फेकून मारले की सोडून दिले म्हणून मेले, हे खालून पाहणाऱ्याला सांगता येणे कठीण. महिनोन् महिने मनात धरून सापडेल त्या पिल्लावर काढायचा सूड वानरांत कोणी सिद्ध केलेला नाही. नागाने धरलेल्या डुखाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मुलखात तो अर्थ चटकन जुळला, एवढे म्हणता येते.

याच कारणासाठी हे प्रकरण अमेरिकेतील बेटी आणि बार्नी हिल यांच्या प्रकरणाशेजारी ठेवून पाहावे. न्यू हॅम्पशायरमधून 19 सप्टेंबर 1961 च्या रात्री मोटारीने घरी परतताना या दांपत्याला आकाशात मागे लागलेला प्रकाश दिसला. यानात नेऊन केलेली तपासणी बेटीच्या स्वप्नांत आली ती काही दिवसांनी. डॉ. बेंजामिन सायमन यांनी 1964 मध्ये दोघांना संमोहित करून बोलते केले, तेव्हा तोच तपशील बार्नीच्याही तोंडी आला. बायकोची स्वप्ने ऐकून ऐकून त्याच्या मनात ते ठसले, असे सायमन यांचे मत पडले. जॉन फुलर यांच्या 1966 च्या पुस्तकाने मात्र अपहरणच घरोघर पोचवले. तिथे हाती धरण्याजोगा भक्कम पुरावा काहीच नव्हता. लवूळला वानरे होती आणि पिल्लेही होती. नंतर जोडला गेला तो सूड. संशयवाद्यांनी त्याबरोबर सगळी घटनाच मोडीत काढली, तीही घाईच झाली.

वानराला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असल्याने गावकऱ्यांना स्वतः काही करता येईना आणि वनविभागाकडे खेटे घालावे लागले. दोन वानरे धरल्यानंतर बातम्या थांबल्या. वस्तीला सरावलेली वानरे पकडून दूर सोडण्यावर वन्यजीव अभ्यासकांचा जुना आक्षेप आहे : नव्या जागी ती जवळची वस्ती आणि पिकेच शोधतात, आणि मागे रिकाम्या झालेल्या जागेत दुसरी टोळी येते.